सूर्याचे भाऊबंद, आमचं सुतक

माझी मुलगी सूर्याचे भाऊ शोधते. हे तिचं काम आहे आणि त्याचा तिला पगार मिळतो.

डिचोलीच्या बाजारात कोणी "मुलगी काय करते गो पुण्याला?" म्हणून विचारलं की पूर्वी मी "शास्त्रज्ञ आहे" एवढं सांगून सुटत असे. पण आमच्याकडे एवढ्यावर कोणी सोडत नाही. कसली शास्त्रज्ञ, औषधांची की शेतीची, सरकारी की खासगी, आणि लग्नाचं काय. शेवटी एकदा मासळीवालीला मी खरं ते सांगून टाकलं. ती सुंगटांचा वाटा उचलता उचलता थांबली. "सूर्याला भाऊ आहेत?" म्हणाली. आहेत म्हणतात, म्हटलं. "मग गेले खंय?" तेच तर शोधते माझी मुलगी. बाईने क्षणभर विचार केला आणि सुंगटं माझ्या पिशवीत ओतत म्हणाली, "वाटण्या झाल्या असतील." मुलीला हे फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "आई, माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण हेच आहे. मी उगाच त्याला इतकी पानं लावली."

मला समजलं आहे ते असं. सूर्य एकटा जन्मला नाही. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी वायूचा आणि धुळीचा एक मोठा ढग होता, त्यातून एकाच सुमाराला शेकडो, कदाचित हजारो तारे झाले. काही काळ सगळे एकत्र नांदले, मग एकेक करून पांगले. आज ते आकाशगंगेत कुठे कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नाही. चेहऱ्यावरून ओळखावं तर सगळे तारे सारखेच. म्हणून त्यांचा प्रकाश घ्यायचा, तो फोडायचा, आणि कोणाच्या अंगात लोखंड किती, बेरियम किती ते बघायचं. एका हंड्यातला भात असेल तर मीठ सारखंच लागणार. शिवाय वय जुळलं पाहिजे. शिवाय तो तारा फिरत फिरत आला ती वाट मागे मागे नेली तर आपल्याच ढगाकडे पोचली पाहिजे. तिन्ही जुळलं तर भाऊ. एक जरी बिनसलं तरी तो कोणी परका.

लोकांना वाटतं ती रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसते. कसलं काय. दहाला घोरते. सुट्टीत घरी आली की जेवणाच्या मेजावर, जनेलातून उजेड येतो तिथे, लॅपटॉप उघडून बसते आणि पोदेराकडचे उंडे पाव चहात बुडवून खाता खाता कुठल्याशा परदेशी डोंगरावरच्या दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश चाळते. खरा तारा तिला दाखवून बघा. एका तिन्हीसांजेला अंगणात तुळशीपाशी दिवा लावताना मी सहज विचारलं, ती पश्चिमेची चांदणी कुठली गो? तिने मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "विमान असेल."

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांनीच घडवलं.

हे खाणीच्या ऑफिसात होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऑफिस आमच्या बाल्कांवात भरतं. सकाळी पेपर, मग कदेल रस्त्याच्या दिशेने फिरवून बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचं मूळ काढायचं. तुम्ही कुठले, त्याआधी कुठले, कुळदेव कोणता, अमक्याच्या घरात दिलेली ती तुमची कोण. पेट्रोलपंपावर नवा मुलगा आला तरी दोन दिवसांत त्याची आत्या ह्यांना सापडते. साऱ्या डिचोलीचे भाऊबंद ह्यांना तोंडपाठ, फक्त स्वतःला एकही नाही. ह्यांचे वडील एकुलते, आजोबाही एकटेच कुठूनसे येऊन इथे राहिलेले, आणि हेही एकटे. चुलता नाही, चुलत नाही. आई लवकर गेली. वडील तांडेल होते, खनिजाच्या बार्जवरचे प्रमुख. तेही ह्यांच्या विशीतच गेले, मी या घरात येण्याच्या आधी. "बाबा गेले तेव्हा मी एकटा बसलो होतो," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे.

माझं माहेर बेळगावच्या बाजूचं. तिथे उलटा प्रकार. आमची भावकी एवढी मोठी की दोन महिन्यांत कोणी ना कोणी खपतंच, आणि खपलं की सगळ्यांना दहा दिवस सुतक. मी लहानपणी कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी किती सणांना गोडाला मुकले त्याची गणतीच नाही. करंज्या तळायला कढई ठेवावी आणि दारात निरोप्या उभा. त्यामुळे या घरात येऊन पहिल्या पाच-सहा वर्षांत एकही सुतक आलं नाही तेव्हा मला आपण स्वर्गात पडलो असं वाटलं होतं. तसं मी ह्यांना बोलूनही दाखवलं. हे हसले नाहीत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

तर मुलगी. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आली ती आठवडाभर मांद्र्याच्या मासळीची स्तुती करत होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा मला नवी नाही, मी शाळेत मुलं हाकलेली बाई आहे. म्हटलं, मासळी कोणाच्या घरची ते सांग. मग कळलं. म्हापशाला कॉलेजात तिच्या वर्गात होता. मांद्र्याला समुद्राजवळ त्यांचं घर, त्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या. मुलगा तो धंदा बघतो आणि पाहुण्यांना अंगणातल्या छोट्या दुर्बिणीतून शनीची कडी दाखवतो. म्हणजे हिला तारे पोटातून ठाऊक आणि त्याला तोंडावरून. दोघांचं मिळून एक खगोलशास्त्र पुरं होत होतं. मला मुलगा पहिल्या भेटीतच आवडला. माझ्या हातची उकड दोनदा मागून घेतली त्याने.

ह्यांनाही आवडला. त्याचं मूळ काढायला घेतलं आणि सगळं जुळत गेलं. आडनाव तेच. कुळदेव तोच, नार्व्याचा. गोत्र विचारलं, काश्यप म्हणाला. ह्यांचंही काश्यप. ह्यांचा चेहरा थोडा उतरला, पण मीच म्हटलं, गोत्र आठवलं नाही की काश्यप सांगतात ते कोणाला माहीत नाही, अर्धी डिचोली काश्यप आहे. ते त्यांना पटलं आणि आम्ही चहाला मांद्र्याला गेलो.

तिथे घरी मुलाचे आई-वडील आणि आजी; आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. आजी म्हणजे ऐंशीकडे झुकलेली, ताठ, खोल्यांच्या चादरी अजून स्वतः मोजून घेणारी. मांद्र्याची तिची बोली मला नीट लिहिता येणार नाही, माझ्या मराठीत सांगते. तिने विचारलं, डिचोलीत घर कुठलं तुमचं? ह्यांनी सांगितलं, पेठेच्या खाली, तांडेलाचं घर. म्हातारीचा चेहरा फुलला. मला म्हणाली, "म्हणजे तू तांडेलाची सून गो बाय? तुझ्या मामंजींचं सुतक आम्ही पाळलं होतं. त्या वर्षी चवथीला आमच्याकडे गणपतीच आणला नाही." मुलाचे वडील हसून म्हणाले, "मला आठवतं. मी लहान होतो, फटाके परत कपाटात गेले म्हणून भोकाड पसरलं होतं." एवढ्यात बाहेर कोणी गोरे पाहुणे बॅगा घेऊन आले, म्हातारी चाव्या घेऊन उठली आणि तो विषय तिथेच राहिला.

म्हातारीच्या दृष्टीने ती एक गोड आठवण होती. आमच्या ह्यांचा कप मात्र बशीत आपटला. कारण आपल्याकडे सुतक आवडीनिवडीने पाळत नाहीत. ते लागतं किंवा लागत नाही. ज्या घरावर दुसऱ्या घरच्या मरणाचं दहा दिवसांचं सुतक येतं, आणि तेही चवथीचा गणपती अडेल इतकं, ते घर भाऊबंदांचं. याला दुसरा अर्थ असतो हे तिथे बसलेल्या कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही. आणि भाऊबंद म्हणजे मुलगा मुलीचा भाऊ लागणार.

परतीची वाट धरली. म्हापसा सुटल्यावर हे म्हणाले, "हे लग्न होत नाही."

मुलीने आकांत केला नाही. ती तशी माझ्यावर गेलेली नाही. घरी आल्यावर मेजाशी बसून म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय मी लग्न करणार नाही. कन्यादानाला तुम्हीच बसायला हवे. पण चुकीच्या कारणाने मी ते मोडूही देणार नाही. पुरावा काय आहे ते बघू." आणि वडिलांना समोर बसवून तिने आपला धंदा सुरू केला. आडनाव? ते म्हणजे ताऱ्याचा रंग, त्यावरून काही ठरत नाही. कुळदेव? नार्व्याच्या देवाची कुळावी घरं हजारोंनी आहेत, आणि देव स्वतःच नदीपलीकडून येऊन बसलेला. गोत्र? "काश्यप म्हणजे हायड्रोजन आहे, बाबा. सगळ्यांच्यात असतो." हे म्हणाले, "आणि सुतक?" तेव्हा मात्र ती थांबली. "सुतक म्हणजे बेरियम," म्हणाली. "ते सगळ्यांच्यात नसतं. त्याचा उलगडा व्हायला हवा."

मग ह्यांनी उलगडा करायला घेतला. रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर. नार्व्याला जाऊन देवळातल्या भटजींना गाठलं. ते म्हणाले, दोन्ही घरं देवाची खरी, पुढचं मला कसं ठाऊक असणार. साखळीला कोणी नव्वदीचे गृहस्थ होते, त्यांना जाऊन भेटले. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी आशीर्वाद दिला. मी म्हटलं, "अहो, ग्रामदेवाला कौल का लावत नाही?" कारण आमचे हे कौल लावल्याशिवाय फ्रीजसुद्धा घेत नाहीत. तर म्हणाले, "सारखं देवाला कशाला त्रास." मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस देवाला त्रास द्यायला कधीपासून लाजायला लागला?

आणि तोंडाने "फार वाईट झालं, पोरीचं फार वाईट झालं" म्हणायचे, पण तब्येत सुधारत चालली होती. रोज सकाळी मांद्र्याला फोन. मुलाच्या वडिलांना हे "बाबू" म्हणायला लागले आणि ते ह्यांना "दादा." गप्पा कसल्या तर पावसाच्या, गुडघेदुखीच्या, सुपारीच्या भावाच्या. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन हे मयड्याची केळी घ्यायचे आणि स्वतः मांद्र्याला पोचवायचे. तिकडून ताजा इसवण मासा यायचा. आपल्या मुलाचं लग्न ज्याने अडवलं त्याला कोणी इसवण पाठवतं का? पण तो माणूसही साधा, त्यालाही सख्खा भाऊ नव्हता. दोघांनी एकमेकांना बजावलं होतं की म्हातारीला काही सांगायचं नाही. तिला मुहूर्त मिळत नाही एवढंच सांगितलं होतं. आपल्या तोंडच्या वाक्याने नातवाचं लग्न मोडलं असं वाटून ती हाय खाईल म्हणे.

मी आपली पोळ्या लाटत हे सगळं बघत होते आणि चिडत होते. मुलगी पुण्याहून फोनवर नेहमीसारखं बोलायची, पण "आई, काही कळलं का?" हा प्रश्न दर वेळी शेवटी यायचा, आणि तो विचारताना तिचा आवाज शाळेतल्या निकालाच्या दिवसासारखा व्हायचा. ह्यांना म्हटलं की पोर झुरते आहे तर हे पेपरात डोकं घालायचे.

चवथीच्या आधी ती घरी आली. आल्या दिवशीच जेवताना म्हणाली, "माझा तारा गेला."

इतके महिने तिने एका ताऱ्यावर जीव लावला होता. लोखंड जुळलेलं, वाटही साधारण जुळलेली. सूर्याचा भाऊ म्हणून तो आमच्या घरात इतका बोलला गेला होता की मी त्याच्या नावाने एक उंडा जास्त घेऊ का म्हणून तिला चिडवायची. आता नवीन, बारकाईचं मोजमाप आलं आणि बेरियम जास्त निघालं. बेरियम जास्त म्हणजे वयाने लहान. सूर्य झाला त्यानंतर कितीतरी काळाने झालेला तारा. "भाऊ नाही तो," ती म्हणाली आणि सोलकढी ओतून घेतली.

"नाही म्हणजे?" हे म्हणाले.

"नाही म्हणजे नाही. चांगला तारा आहे, पण सूर्याचा कोणी नाही. आता दुसरा बघायचा."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "इतके दिवस भाऊ भाऊ म्हणालीस त्याला. आणि आता कोणी नाही? असं कसं सोडून देता तुम्ही लोक? थोडं जास्त असेल बेरियम. माणसाचंही रक्त तपासलं तर आज एक येतं, उद्या एक. त्या सूर्याला तुम्ही एक तरी भाऊ राहू द्याल की नाही?"

आवाज इतका चढला होता की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. मुलीने सोलकढीची वाटी खाली ठेवली. मग तिने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही सूर्याविषयी बोलताय का?"

हे ताटावरून उठले. मला तेव्हा सगळं लख्ख दिसलं, आणि रागही आला, कीवही आली. कौल का लावला नाही ते कळलं. उजवा कौल मिळाला असता, लग्नाला हरकत नाही असं देव म्हणाला असता, तर मांद्र्याचा बाबू गेला असता. चौसष्ट वर्षांच्या माणसाला जन्मात पहिल्यांदा भाऊ मिळाला होता आणि तो ठेवायचा तर मुलीचं लग्न मोडावं लागत होतं. तो बिचारा निर्णयच घेत नव्हता. केळी पोचवत होता.

दुसऱ्या दिवशी मी साडी बदलली आणि म्हटलं, "चला मांद्र्याला." कशाला, म्हणाले. "तुमच्या भावाला भेटायला," म्हटलं. मुलगीही निघाली. वाटेत मी ह्यांना एकच गोष्ट विचारली. अहो, सुतक पाळलं हे ज्या बाईने सांगितलं, तिला का पाळलं म्हणून तुम्ही कोणी विचारलंत का? हे म्हणाले, त्यात विचारायचं काय, सुतक भाऊबंद असल्याशिवाय पाळतात का? काखेत कळसा आणि गावाला वळसा. नार्वे झालं, साखळी झाली, म्हातारी मात्र मांद्र्यात चादरी मोजत होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती मागच्या ओट्यावर आदोळीवर बसून तिच्या पात्याने तिसऱ्या उघडत होती. मुलाचे वडील मला डोळ्यांनी खुणावत होते, आईला काही बोलू नका म्हणून. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकले. हे आणि बाबू मागे दारात उभे. मुलगी खांबाला टेकून.

म्हटलं, "काकी, तुमच्याकडे आमच्या मामंजींचं सुतक का पाळलं?"

"आमच्या मालकांनी सांगितलं पाळ, मी पाळलं," म्हातारी म्हणाली. तिसऱ्या उघडणं चालूच.

"तुम्ही विचारलं नाहीत का म्हणून?"

"विचारलं तर. राग आला होता मला." तिने एक शिंपला बाजूला टाकला. "माटोळी बांधून झालेली. गणपती बसवायच्या जागेवर नारळ, तोरिंगं, सुपारीचे घोस, सगळं टांगलेलं. पोरं नाचतात. पावसात बार्ज बंद, म्हणून हा माणूस घरीच होता. तांडेल गेल्याचा निरोप आला आणि हा डिचोलीला गेला. दोन मोसम त्यांच्या हाताखाली काम केलेलं, तेवढीच ओळख. परत आला तो दारातच उभा. भिजलेला. आत येईना. म्हणाला, माटोळी सोडा, सुतक आहे. मी म्हटलं, तांडेल गेले वाईट झालं, पण ते आपले कोण?"

आता मात्र तिचे हात थांबले.

"म्हणाला, आपले कोणी नाहीत. तिथे एक पोर उभं होतं चितेकडे. गाव होतं सगळं, पण त्याच्या रक्ताचं एक माणूस नव्हतं बाजूला. आता दहा दिवस ते एकटंच बसणार. आपण बसू त्याच्याबरोबर. मी म्हटलं, इतक्या लांबून? त्याला कळणार तरी आहे का? तर म्हणाला, त्याला कळायची गरज नाही."

मग मुलाचे वडील हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे दादा, आपण भाऊ न्हय."

"भाऊ?" म्हातारी वळली. "कोणी सांगितलं भाऊ म्हणून?" तिने दोघांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खांबाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. "म्हणून मुहूर्त मिळत नव्हता? शिकलेली माणसं तुम्ही, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही?" आणि तिने आपल्या मुलाला असं झापलं की मला माझी शाळा आठवली. गोरे पाहुणे खिडकीतून बघत होते. मी मुळीच मध्ये पडले नाही.

हे मात्र काही ऐकत नव्हते. ते पुढे आले आणि गुडघे दुखत असूनही ओट्याच्या खालच्या पायरीवर, तिच्या पायांशी बसले.

"काकी," म्हणाले, "ते पोर मी."

"माहीत आहे मला."

"मला ते आठवत नाहीत. तुमचे मालक. चेहरासुद्धा आठवत नाही मला." ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. माझेही डोळे भरून आले होते.

"धूर होता तेव्हा," म्हातारी म्हणाली. "कसा आठवणार."

मुलाचे वडील अजून कान खाली पाडून उभे होते. त्यांनीच भीत भीत विचारलं, मग आता लग्नाचं काय करायचं. हे म्हणाले, "करू. चवथ होऊन गेली की लगेच करू. कन्यादानाला मी बसणार." मुलगी आली आणि वडिलांच्या शेजारी पायरीवर बसली. ती रडत होती आणि हसतही होती. तिने त्यांचा दंड धरला. पण हे तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"मी इतकी वर्षं तुला सांगत आलो ना," म्हणाले, "बाबा गेले तेव्हा मी एकटा बसलो होतो म्हणून. एकटा नव्हतो गो मी."